वाफेवरची न्याहारी

हार गाऊ हा कँटनी न्याहारीतला सगळ्यांत नाजूक पदार्थ. आत झिंगे, वर अर्धपारदर्शक पारी आणि पारीच्या एकाच बाजूला बारीक चुण्या. ही पारी मैद्याची नसते आणि तांदळाचीही नसते. ती गव्हाच्या सत्त्वाची असते. गहू भिजवून, वाटून, गाळून घेतल्यावर भांड्याच्या तळाशी जो पांढराशुभ्र साका बसतो, तो वाळवला की हे सत्त्व होतं. विदर्भात ज्या घरी दर उन्हाळ्यात कुरडया घातल्या जातात, त्या घरातल्या बाईला हे सत्त्व काय आहे ते समजावून द्यावं लागत नाही. तिनं ते हातानं उपसलेलं असतं, शिजवताना गव्हाचा चीक दुधाळ पांढऱ्याचा हळूहळू पारदर्शक होताना पाहिलेला असतो. हाँगकाँगच्या चहाघरातल्या हार गाऊच्या आतून झिंग्याचा गुलाबी रंग दिसतो तो याच बदलामुळे.

मला या पुस्तकातून जे सांगायचं आहे ते एवढंच आहे. वाफ, तांदूळ आणि सत्त्व यांवर कँटनी स्वयंपाक्यांनी जी कारागिरी उभी केली, तिचा अर्धा भाग आपल्या घरात आधीपासून आहे. उकळत्या पाण्यात पीठ घालून उकड काढणं, गरम उकडीला तेलाच्या हातानं मळणं, पारीला चुण्या पाडणं, पानात गुंडाळून वाफवणं, आधी वाफवून मग वड्या पाडून तळणं, हे सगळं आपण करतो. उरलेला अर्धा भाग शिकावा लागतो, आणि तो शिकताना त्या लोकांच्या चवीवर विश्वास ठेवावा लागतो. आपल्याकडे पहिलं फारसं कुणी ओळखलं नाही आणि दुसरं फारसं कुणी केलं नाही, म्हणून हे पुस्तक लिहावंसं वाटलं.

हे मी अहिवाऱ्यात बसून लिहिते आहे. छत्तीसगडच्या दुर्ग जिल्ह्यातलं, भिलाईच्या उत्तरेचं, नंदिनीच्या चुनखडीच्या खाणींना लागून असलेलं हे गाव. सोव्हिएत मदतीनं उभ्या राहिलेल्या भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. कारखान्याचं लोहखनिज दल्ली-राजहऱ्याचं आणि चुनखडी आमच्या नंदिनीची. त्या कारखान्याबरोबर तेलुगू, मल्याळी, बंगाली, पंजाबी अशी देशभरची माणसं या भागात आली. मराठी माणसं मात्र इथे त्याच्या खूप आधीपासून होती. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांची फौज रतनपूरपर्यंत पोचली, पुढे बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरातच राहून कारभार केला, आणि नंतरही १९५६ पर्यंत हा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या प्रांतातच होता. त्यामुळे दुर्ग, राजनांदगाव, रायपूर इथली कितीतरी मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्यांची आहेत. आमच्या स्वयंपाकघरात वरण-भात आणि पुरणपोळीच्या शेजारी फरा, चीला, चौसेला आणि कोचईच्या पानांचं इड़हर सहज नांदतात. डिमसमकडे मी वळले ती या दुहेरी स्वयंपाकघरातून. पुण्या-मुंबईच्या एखाद्या मोठ्या हॉटेलातून वळले असते तर हे पुस्तक वेगळं झालं असतं.

आधी एक घोळ दूर करायला हवा. भिलाईत संध्याकाळी मोमोच्या गाड्यांभोवती गर्दी असते, आणि डिमसम म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे तोच मोमो येतो. मोमो तिबेट-नेपाळकडचा. मैद्याची पारी, आत कोबी किंवा खिमा, सोबत लाल मिरचीची झणझणीत चटणी. थंड डोंगराळ मुलखातलं ते पोटभरीचं खाणं आहे आणि त्याची स्वतःची शान आहे. डिमसम हे मात्र एका पदार्थाचं नाव नव्हे. चहाबरोबर खायच्या शेकडो लहान पदार्थांची ती पंगत आहे. त्यात वाफवलेले आहेत, तळलेले आहेत, भाजलेले आहेत, गोड आहेत, तांदळाची पेजही आहे. ती वाढली दक्षिण चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात, पर्ल नदीच्या मुखाशी वसलेल्या ग्वांगझो शहरात. आपले जुने व्यापारी त्याच शहराला कँटन म्हणत.

हे शहर आपल्याला वाटतं तितकं परकं नाही. १७५७ ते १८४२ या काळात युरोपीय व्यापाऱ्यांना चीनमध्ये खुलं असलेलं बंदर हे एकच होतं. मुंबईच्या पहिल्या मोठ्या श्रीमंतीचा बराच भाग या बंदरावरच्या व्यापारातून आला. जमशेटजी जीजीभॉय यांनी तरुणपणी कँटनच्या सफरी केल्या. त्यांचा धंदा कापसाचा आणि अफूचा. ही अफू चीनमधली घरंच्या घरं उद्ध्वस्त करत होती, हे त्या श्रीमंतीबद्दल बोलताना विसरून चालणार नाही. परत येताना पारशी व्यापाऱ्यांच्या गलबतांतून रेशीम आलं, भरतकामाच्या साड्या आल्या, चिनी मातीची भांडी आली. जेवण मात्र आलं नाही. ते आलं नंतर, तिकडून इकडे पोटासाठी आलेल्या माणसांबरोबर.

दुर्ग स्टेशनवरून जाणाऱ्या मुंबई–हावडा लोहमार्गाच्या दोन्ही टोकांना कँटनी माणसांच्या जुन्या वस्त्या आहेत. कोलकात्याची वस्ती आधीची. अठराव्या शतकाच्या अखेरीस तोंग अच्यू नावाच्या माणसाला वॉरन हेस्टिंग्जनं बजबजजवळ जमीन दिली, तिथे त्यानं साखरेचा कारखाना काढला, आणि ते गाव आजही अछीपूर म्हणून ओळखलं जातं. पुढे कँटनी सुतार टिरेटा बाजारात स्थिरावले आणि हाक्का चामडेवाले टांगऱ्यात. टिरेटा बाजारात आजही भल्या पहाटे, विशेषतः रविवारी, उघड्यावर न्याहारी मिळते: वाफाळते बाऊ, सिऊ माय, माशाच्या गोळ्यांचं पातळ सूप. मुंबईचे चिनी लोक प्रामुख्याने जहाजांवर आणि गोदीत काम करणारे. माझगावात नवाब टँकजवळ १९१९ मध्ये त्यांनी बांधलेलं सी यूप देऊळ उभं आहे. सी यूप म्हणजे ग्वांगडोंगमधले ताईशान, खायफिंग, अनफिंग आणि शिन्हुई हे चार तालुके. मुंबईत आलेले बहुतेक जण तिथलेच. वरच्या मजल्यावर क्वान कुंग देवाची मूर्ती आहे आणि चिनी नववर्षाला तिथे दिवे लागतात.

या दोन्ही वस्त्या १९६२ च्या युद्धानंतर खचल्या. सुमारे ३,००० भारतीय चिनी माणसांना राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत नेऊन ठेवलं गेलं. त्यांत म्हातारे होते, लेकुरवाळ्या बाया होत्या, इथेच जन्मलेली मुलं होती. बरेच जण सुटल्यावर देश सोडून गेले. जे राहिले त्यांनी लोकांना रुचेल ते रांधलं. त्यातून भारतीय चायनीज नावाची एक निराळी पाकपरंपरा झाली. १९७५ मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात नेल्सन वाँग यांनी पहिलं चिकन मंचुरियन केलं असं सांगतात. आलं-लसूण-मिरचीची फोडणी, सोया सॉस, कॉर्नफ्लॉवरची दाट ग्रेव्ही. ती चव मला आवडते आणि तिच्यामागे एका समाजाची जिद्द आहे हे मी जाणते. पण ती पुढे आल्यामुळे मूळचं कँटनी जेवण आपल्या नजरेआड गेलं, हेही खरं आहे.

कारण कँटनी जेवणाची दिशा जवळजवळ उलटी आहे. ग्वांगडोंग उष्ण, दमट, नद्यांनी आणि समुद्रानं वेढलेला मुलूख. ताजा मासा, ताजी भाजी, वर्षातून दोनदा पिकणारा भात. तिथल्या स्वयंपाक्याची कसोटी लागते ती ताज्या जिनसाची मूळ चव शाबूत ठेवण्यात. अख्खा मासा जेमतेम शिजेल इतकाच वाफवायचा, वर आल्याच्या आणि कांद्याच्या पातीच्या बारीक काड्या, त्यावर कडकडीत तापवलेलं थोडं तेल आणि हलका सोया सॉस. बस. तिखट जवळपास नाही, मसाला अगदी मोजका. आपल्या जिभेला पहिल्या घासात हे जेवण अळणी वाटण्याची शक्यता असते. माझी वाचकाला विनंती आहे की तिथे थांबू नये आणि मिरचीकडे हात नेऊ नये. मालवणातल्या ज्या घरात ताजं पापलेट फक्त मीठ-हळद लावून करतात, किंवा छत्तीसगडच्या खेड्यात नुसत्या मिठासोबत बासी भात खातात, तिथल्या माणसाला ही चव लवकर कळेल.

माझी धाकटी बहीण लग्नानंतर हाँगकाँगला गेली आणि तिच्यामुळे मला ही न्याहारी मूळ जागी, चहाघरात, खायला मिळाली. तिथे लोक चहाला जातात आणि खाणं चहासोबत येतं, हा क्रम महत्त्वाचा आहे. बसल्याबरोबर पहिला प्रश्न असतो तो कुठला चहा हवा याचा. युनानचा काळपट, मातकट वासाचा पुएर सर्वांत लोकप्रिय, कारण तळलेल्या आणि चरबीच्या पदार्थांनंतर तो तोंड स्वच्छ करतो. जाईच्या फुलांचा वास दिलेला हिरवा चहा, तिएग्वानयिन, आणि पुएरमध्ये वाळवलेली शेवंतीची फुलं घालून केलेला चहाही असतो. दूध-साखर कशातच नाही. आधी त्या गरम चहानंच पेले आणि वाट्या विसळतात. कुणी आपल्या पेल्यात चहा ओतला की दोन बोटांनी टेबलावर हलकेच टकटक करून आभार मानतात. किटलीतलं पाणी संपलं की झाकण तिरपं ठेवायचं; न बोलावता कुणीतरी येऊन भरून जातं. एका बांबूच्या टोपलीत तीन किंवा चार नग. ते मध्ये ठेवायचे, सगळ्यांनी त्यातून घ्यायचं, वडीलधाऱ्यांच्या पेल्यात आधी ओतायचं. रविवारी सकाळी तीन पिढ्या एका गोल टेबलाभोवती बसलेल्या असतात. एकट्यानं जाऊन वर्तमानपत्र वाचत दोन टोपल्या आणि एक किटली यांवर तासभर बसणारे म्हातारेही असतात, आणि त्यांना कुणी उठवत नाही. १९३३ पासून चालू असलेल्या लुक यू चहाघरासारख्या जुन्या जागांपासून २००९ मध्ये माँग कॉकच्या गल्लीत उघडलेल्या टिम हो वानपर्यंत, थाट कमीजास्त असतो, रीत हीच. टिम हो वानच्या छोट्याशा दुकानाला मिशलिनचा तारा मिळाला तेव्हा जगभर त्याचं आश्चर्य झालं. तिथल्या लोकांना झालं नसावं. चांगलं डिमसम स्वस्तात मिळणं हा ते आपला हक्क मानतात.

आता माझ्या आवडत्या पदार्थांविषयी. हार गाऊला मी या पुस्तकात सर्वांत जास्त पानं दिली आहेत. गव्हाच्या सत्त्वाचे साधारण तीन भाग आणि साबुदाणा ज्यापासून होतो त्या टॅपिओकाच्या पिठाचा एक भाग, त्यावर एकदम उकळतं पाणी. पाणी उकळतंच हवं. सत्त्वात चिवटपणा देणारा चिकट भाग उरलेलाच नसतो, त्यामुळे नुसत्या मळण्यानं ते एकजीव होत नाही. स्टार्चचे कण गरम पाण्यानं फुगून चिकट झाले तरच पारी लाटता येते. मोदकाच्या उकडीचं तत्त्वही हेच आहे. झाकून दोन-तीन मिनिटं मुरू द्यायचं आणि गरम असतानाच तेलाचा हात लावून मळायचं. तिथले कारागीर लाटण्याऐवजी रुंद पात्याच्या सुऱ्याला तेल लावून त्यानं गोळी दाबतात आणि एका झटक्यात चकती करतात. आपल्याला प्लॅस्टिकच्या दोन कागदांमध्ये ठेवून सपाट वाटीनं दाबता येते.

घरी सत्त्व काढणार असाल तर एक फरक सांभाळा. कुरडईसाठी गहू तीन दिवस भिजतात आणि चिकाला किंचित आंबूस वास येतो. कुरडईत तो हवासा असतो. हार गाऊत मात्र झिंग्याच्या गोडसर चवीवर तो मात करतो. म्हणून पाणी रोज बदलायचं, आणि साका बसल्यावर वरचं पाणी काढून पुन्हा स्वच्छ पाणी घालून तो धुवायचा, आंबूसपणा जाईपर्यंत. गाळताना बारीक मलमल घ्या. चिकट भाग थोडा जरी राहिला तरी पारी करडी आणि अपारदर्शक होते.

चुण्यांबद्दल मोदक करणाऱ्यांना सांगायचं म्हणजे, इथे त्या वर्तुळभर पाडून वर शेंडी करायची नाही. पारी अर्धी दुमडायची, मागची बाजू सपाट ठेवायची आणि फक्त पुढच्या बाजूला चुण्या घ्यायच्या. निदान सात, चांगल्या कारागिराच्या दहा किंवा त्याहून जास्त. झिंगे मीठ आणि थोडं स्टार्च लावून चोळायचे, गार पाण्यात धुवायचे, फडक्यानं पूर्ण कोरडे करायचे. मग ते शिजल्यावर दाताखाली कुरकुरीत लागतात. आमच्याकडचे तळ्यातले झिंगे समुद्रातल्यांपेक्षा मऊ असतात, त्यांना ही तयारी जास्त लागते. सारणात बांबूचे कोवळे कोंबही बारीक चिरून घालतात. पावसाळ्यात छत्तीसगडच्या बाजारात हेच कोंब करील म्हणून मिळतात आणि गडचिरोली-चंद्रपूरकडे वास्ते म्हणून. चिरून, पाण्यात उकळून ते पाणी टाकून द्यायला विसरू नका. कच्च्या कोंबांत विषारी द्रव्य असतं. मोठ्या आचेवर पाच-सहा मिनिटं वाफ, मग टोपली उतरवून मिनिटभर थांबायचं. लगेच उचललं तर पारी फाटते, आणि त्या मिनिटभरातच ती पारदर्शक होते.

चेउंग फन हा माझ्या जवळचा दुसरा पदार्थ, आणि त्याचं कारण फरा. छत्तीसगडी फरा तांदळाच्या पिठात शिजलेला भात मिसळून, बोटाएवढ्या वळ्या करून वाफवतात. मग तीळ, मिरची, कढीपत्त्याची फोडणी. फऱ्यात भात घालण्यामागे शहाणपण आहे: शिजलेला स्टार्च कच्च्या पिठाला धरून ठेवतो आणि वळ्या मऊ राहतात. कँटनी बाई याच तांदळाला उलट टोकाला नेते. भिजवलेला तांदूळ पाण्यासोबत अगदी बारीक वाटून दुधासारखं पातळ मिश्रण करायचं, सपाट थाळीत पापुद्र्याएवढं पसरायचं, दीड-दोन मिनिटं वाफवायचं आणि खरवडून गुंडाळायचं. आत झिंगे, गोमांस किंवा नुसती कांद्याची पात. वर किंचित गोडसर कोमट सोया सॉस. पहिला घास जिभेवरून निसटतो. यासाठी तांदूळ जुना आणि अरवा घ्यावा. उसना, म्हणजे उकडा, नको, आंबेमोहोरासारखा चिकट होणाराही नको. मी एचएमटी वापरते. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या लहानशा शेतात लोंब्या निवडून निवडून हे वाण तयार केलं, आणि ते छत्तीसगडच्या शेतांत घरोघरी पोचलं. २०१८ मध्ये ते गेले. हजारो घरांच्या ताटात रोज ज्यांचा भात आहे त्या माणसाचं नाव स्वयंपाकाच्या पुस्तकात यायलाच हवं असं मला वाटतं.

लो बाक गो, म्हणजे मुळ्याच्या वड्या, आपल्या वाचकाला सर्वांत सोप्या जातील. किसलेला मुळा त्याच्याच पाण्यात शिजवून त्यात तांदळाचं पीठ, वाळवलेले झिंगे, मशरूम आणि चिनी सॉसेजचे तुकडे घालतात, थाळीत थापून वाफवतात, गार झाल्यावर वड्या पाडून तव्यावर दोन्ही बाजूंनी खरपूस करतात. कोथिंबीर वडीचा क्रम शब्दशः हाच. कोकणातल्या वाचकांनी सोडे वापरावेत, चव फार छान लागते. सॉसेजच्या जागी काही घालू नये; पदार्थ त्याच्याशिवायही पुरा आहे.

लो माइ काइ हा चिकट तांदूळ, कोंबडी आणि मशरूम कमळाच्या पानात बांधून वाफवलेला पदार्थ. कमळाची पानं पुण्याच्या वाचकाला कुठे मिळतील ते मला सांगता येणार नाही, पण छत्तीसगडच्या आणि भंडारा-गोंदियाच्या तलावांकाठी राहणाऱ्यांना त्याची चिंता नाही. आमच्याकडे पुरइनचं पान आणि कमळाचं देठ, म्हणजे ढेंस, रोजच्या ओळखीचं. हळदीच्या पानातल्या पातोळ्या ज्यांनी खाल्ल्या आहेत त्यांना पानाचा वास भाताला कसा लागतो ते माहीत आहे. चिकट तांदूळ म्हणून आसामचा बोरा चालतो. साध्या तांदळात पाणी वाढवून तो परिणाम येत नाही.

सिऊ माय या उघड्या तोंडाच्या पुरचुंड्या आणि चार सिऊ बाऊ हे भरलेले बन, यांच्याबद्दल मी इथे थोडंच सांगते, कारण दोन्हींत मुळात डुकराचं मांस आहे आणि अनेक मराठी घरांत ते चालत नाही. कोंबडीच्या मांडीचं मांस घेऊन केलेली रीत दिली आहे. ती चांगली होते, तरी मूळ चव चरबीच्या ओलाव्यातून येते, आणि ज्यांना चालतं त्यांनी मूळच करावं. बाऊची पोळी वाफेवर वर उकलून फुलली पाहिजे, त्यासाठी चिकट भाग कमी असलेला मैदा आणि यीस्टबरोबर बेकिंग पावडरही लागते.

कोंबडीच्या पायांचं नाव काढलं की आपल्याकडचे लोक तोंड वळवतात. हा पदार्थ मी पुस्तकातून गाळणार नव्हते. आधी तळायचे, मग गार पाण्यात फुगवायचे, मसाल्यात मंद शिजवायचे आणि शेवटी आंबवलेल्या काळ्या सोयाबीनसह वाफवायचे. इतकी मेहनत जनावराच्या सर्वांत स्वस्त भागावर करणारा स्वयंपाकी आदराला पात्र आहे. पाया सूप पिणाऱ्या आपल्या लोकांनी तरी एकदा चाखावा.

डान टाट, म्हणजे अंड्याच्या कस्टर्डचा टार्ट, न्याहारीच्या शेवटी येतो, आणि गोव्याच्या वाचकांसाठी त्यात एक धागा आहे. मकाव १८४४ पर्यंत गोव्यातल्या पोर्तुगीज सरकारच्या अखत्यारीत होतं. हाँगकाँगचा टार्ट गुळगुळीत, पिवळाधमक असतो. मकावचा वरून करपल्यासारखे काळे डाग असलेला, पोर्तुगीज वळणाचा. मकावची ही आवृत्ती १९८९ मध्ये कोलोआनच्या एका बेकरीत सुरू झाली. मला हाँगकाँगचा जास्त आवडतो, कारण चहानंतर त्याचा गोडवा बेताचा लागतो.

शाकाहारी वाचकांची आठवण मला लिहिताना सतत होती. हार गाऊत पनीर घालावं असं मी सुचवणार नाही. ती पारी ओलसर, चवदार सारणासाठी घडलेली आहे, कोरडं पनीर तिच्यात उपरं वाटतं. त्याच सत्त्वाच्या पारीचा फन ग्वो नावाचा भाऊबंद आहे. त्यात शेंगदाणे, खारवलेला मुळा, मशरूम आणि पात असते. शेंगदाणे घातल्यावर आपल्या घरात त्याला अनोळखी कोण म्हणेल? चिनी बौद्ध मठांची शाकाहारी परंपरा जुनी आहे, आणि तिच्यातल्या टोफूच्या पापुद्र्याच्या गुंडाळ्याही मी घेतल्या आहेत.

भांड्यांविषयी दोन शब्द. बांबूची टोपली शोभेसाठी नसते. बांबू वाफ शोषतो, त्यामुळे झाकणाला थेंब धरत नाहीत आणि पदार्थावर पाणी गळत नाही. मोदकपात्राचं धातूचं झाकण थेंब गाळतं. तेव्हा झाकणाला आतून जाड सुती फडकं बांधा. महाराष्ट्रात बुरूड आणि आमच्याकडे कंडरा समाजाचे कारागीर अजून टोपल्या विणतात. त्यांना आपल्या पातेल्याच्या मापाची, उथळ, सपाट तळाची टोपली आणि तसंच विणलेलं झाकण करून मागा. बाहेरून मागवलेल्या टोपलीपेक्षा ती जास्त टिकते.

पाककृती अवघडपणाच्या क्रमानं लावल्या आहेत. सुरुवात लो बाक गोनं करा, मग चेउंग फन, मग फन ग्वो. हात बसला की हार गाऊ. एका सकाळी दोनच पदार्थ करा आणि चार माणसं बोलवा. सोया सॉस घ्याल तो पातळ आणि कमी रंगाचा घ्या. भारतीय चायनीजसाठी विकला जाणारा दाट काळा सॉस चेउंग फनवर ओतला तर तांदळाची चव उरत नाही. पुएर छोट्या गावात सहज मिळत नाही. तोवर सुटा दार्जिलिंग चालेल, दुधाशिवाय, फिका. शेवंतीचा चहा करायचा असेल तर पिण्यासाठी म्हणून विकली जाणारी वाळलेली फुलंच आणा. हारवाल्याकडची फुलं फवारलेली असतात. आणि पाणी दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्यांदा त्याच पानांवर ओता. चांगला चहा दुसऱ्या पाण्याला खुलतो, तोवर पहिली टोपलीही उतरलेली असते.